दोन्ही बूट दिसायला सारखे

दर वर्षी लोकनिधीच्या कचेरीतून मला एक पत्र येतं. जाड कागद, वर शिक्का, खाली अध्यक्षांची सही आणि मधे तीच चार वाक्यं. आपल्या मामांनी त्यांच्या बहिणीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या निधीतून यंदाही वाटप होऊ शकलं नाही. मुद्दल सुरक्षित आहे. निधीत वाढ झाली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. आता सांगा, कसलं डोंबलाचं सहकार्य? मामा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या पैशातून एकाही मुलाच्या पायात बूट गेलेला नाही आणि त्याला कारण मी आहे. म्हणजे मामा आहे आणि मी आहे. पण मामा सुटला. मी आहे अजून, म्हणून सांगते.

मामाला सगळे इंचमामा म्हणायचे. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो त्यांच्यासाठी तो बूट करायचा. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तीन पायऱ्या खाली उतरून त्याचं दुकान होतं. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आत बसलं की बाहेरचे नुसते पाय दिसायचे. गल्लीतली माणसं त्याला गुडघ्याखालीच ओळखू यायची. शेजारी कुलपं दुरुस्त करणारा होता. तो आत येऊन समोर उभा राहिला तर मामा विचारायचा, "कोण आपण?" आणि मग खाली बघून, "अरे, तू होय!"

त्याची एक वाईट खोड होती. चालणारं माणूस दिसलं की तो हळूच पुटपुटायचा, "डावा, पाऊण इंच." बसथांब्यावर, बँकेत, मयतीला गेलो तरी. एकदा दवाखान्याच्या जिन्यात एका बड्या डॉक्टरला त्यानं थांबवून सांगितलं, "साहेब, उजवा अर्धा इंच. पाठ दुखते ना?" डॉक्टर असा चिडला म्हणता! आठ दिवसांनी गुपचूप दुकानात आला आणि बूट करून घेऊन गेला. मला मामाबरोबर कुठे जायची लाज वाटायची, पण तो बरोबर असायचा. नेहमी बरोबर असायचा, हेच तर पुढे नडलं.

हे सगळं सुरू झालं माझ्या आईपासून. आई मामाची धाकटी बहीण. तिचा डावा पाय जन्मतःच सव्वा इंचानं आखूड. शाळेत तिला नावानं हाक कोणी मारलीच नाही, सगळे 'लंगडी' म्हणायचे, बाईसुद्धा. आजोबांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी तिच्या बुटाखाली जाड रबराचे थर ठोकून दिले होते. ते बघून पोरं आणखी हसायची. मामा तेव्हा चौदा वर्षांचा. एक दिवस आई रडत घरी आली आणि म्हणाली, "दादा, मला उंची नको. मला दोन्ही बूट सारखे दिसायला हवेत." दादानं ते मनावर घेतलं. इतकं घेतलं की पुढची पंचावन्न वर्षं दुसरं काही केलंच नाही.

बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्याला फर्मा म्हणतात. मामा प्रत्येक मुलाच्या पायाचा वेगळा फर्मा करायचा. पाय वाढला की त्या फर्म्यावर कातड्याचा पातळ तुकडा चिकटवायचा, पुन्हा वाढला की पुन्हा. भिंतभर ते फर्मे टांगलेले असायचे. मग खरी गंमत. सव्वा इंच भरून काढायचं, पण दिसू द्यायचं नाही. अर्धी उंची बुटाच्या आत, टाचेखाली, बुचाच्या लाकडाची. अर्धी बाहेर, तळाला. आणि चांगल्या पायाच्या बुटाला कडेनं तेवढ्याच जाडीची खोटी पट्टी, आतून पोकळ, म्हणजे त्याची उंची वाढायची नाही पण दिसायला जाड. दहा पावलांवरून बघणाऱ्याला कळता कामा नये हा त्याचा नियम. आईचे बूट तो स्वतः दहा पावलं मोजून लांबून बघायचा. नाही पटलं की उसवून टाकायचा, मग आई अनवाणी बसलेली असली तरी हरकत नाही.

माझी आई ताठ चालत नोकरीला गेली, ताठ चालत लग्नाला उभी राहिली. माझ्या बाबांना लग्नानंतर कळलं. ते म्हणायचे, "तुझ्या मामानं मला फसवलं," आणि हसायचे. आई त्यांच्या पाठीत धपका घालायची.

लहानपणी शाळा सुटली की मी दुकानात असायची. बुचाचे तुकडे कानशीनं घासून द्यायची. मामा म्हणायचा, हात बरा आहे. सोळाव्या वर्षी मी त्याला सांगितलं, "मामा, मला हेच शिकायचंय." तो कातडं कापायची रापी खाली ठेवून म्हणाला, "वेडी आहेस का? बोटांची चाळण होते. तू शाईचं काम कर." म्हणून मी शाईचं काम केलं. दस्त लिहिणाऱ्याच्या कचेरीत लागले. खरेदीखतं, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं. चाळीस वर्षं. मामा मला 'शाई' म्हणायला लागला आणि तेच नाव पडलं.

शिकायला तिघं आले होते त्याच्याकडे, वेगवेगळ्या वर्षी. एक आठ दिवस टिकला. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं असताना त्यानं पायाला टेप लावली आणि मामा असा ओरडला की स्टुलावरचं गिऱ्हाईक पळालं. "उभ्यानं मोजायचा! बसलेल्या माणसाला पाय नसतो!" दुसऱ्यानं कातडं वाया घालवलं. तिसरा चांगला होता, पण मामानं त्याचं प्रत्येक काम उसवून पुन्हा स्वतः केलं. मग तो बिचारा एक दिवस आलाच नाही. मामा म्हणाला, हात नव्हता त्याचा. होता. मी बघितलेला.

आई गेली त्या वर्षी मामा एकदम म्हातारा झाला. त्याच वर्षी दवाखान्यानं गाड्या लावायला जागा हवी म्हणून गल्लीतली दुकानं विकत घेतली. मामाला चांगले पैसे आले. लग्न केलेलं नव्हतं, बायकापोरांचा प्रश्न नव्हता. माझं माझ्यापुरतं बरं चाललं होतं. तो म्हणाला, "शाई, हे पैसे तिच्या नावानं ठेवू. या शहरात पुन्हा कोणा पोरीला लंगडी म्हणून हाक मारता येऊ नये." एवढंच त्याला हवं होतं. आणि ते मलाही हवं होतं, अगदी आतून.

लोकनिधी म्हणजे काय ते सांगते. लोक आपापले पैसे तिथे ठेवतात, संस्था ते सांभाळते आणि दर वर्षी समिती बसून कोणाला काय द्यायचं ते ठरवते. जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर त्यांची जागा होती. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज मऊ. त्यांनी आम्हाला समोर बसवून पाणी दिलं आणि देण्याचे चार मार्ग समजावले. एक, सगळ्यांच्या सामाईक पैशात टाका, समिती गरज बघून देते. दोन, विषय सांगा, मुलांचं आरोग्य वगैरे. तीन, एखादी संस्था ठरवून द्या. चार, स्वतःच्या नावाचा वेगळा निधी करा, स्वतःच्या अटी घाला आणि एक सल्लागार नेमा.

"सगळ्यांच्यात टाकले तर माझ्या पैशाचं काय झालं ते मला कळणार कसं?" मामानं विचारलं.

"दर वर्षी अहवाल येतो ना."

"अहवाल पायात घालता येतो?"

बाई हसल्या. मी नाही हसले. त्याच्या काही वर्षं आधी एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं मृत्युपत्र मी लिहिलं होतं. तिनं आयुष्यभराचं साठवलेलं 'शिक्षणासाठी' म्हणून याच संस्थेला दिलं होतं. त्यातून शाळेला एक कमान बांधली. दगडी. वर समितीतल्या पाच जणांची नावं. पुस्तक एक आलं नाही. त्या कमानीखालून जाताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. 'शिक्षणासाठी' हा एकच शब्द मी तिला लिहू दिला होता, मोकळा ठेवलेला, आणि त्या मोकळ्या जागेतून ती अख्खी कमान आत आली. तेव्हाच मी ठरवलं होतं, यापुढे भोक ठेवायचं नाही.

म्हणून चौथा मार्ग घेतला. अटी मामानं सांगितल्या आणि मी लिहिल्या. मूल याच शहरातलं असावं, वय पंधरा पूर्ण होईपर्यंत. बूट हातानं केलेले असावेत, मुलाच्या स्वतःच्या पायाच्या फर्म्यावर. दोन्ही बूट दिसायला सारखे, दहा पावलांवरून फरक कळता कामा नये. मुलाचा फोटो काढू नये, कुठे छापू नये. हे सांगताना मामाचा आवाज चढला होता. मग माझी भर. मुद्दलाला कधीही हात लावू नये. दात्याच्या नात्यातल्या कोणालाही यातून मोबदला मिळू नये. ही रक्कम कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नये. सल्लागार मी.

बाईंनी मसुदा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "एक वाक्य असू द्या. 'हे काम पुढे अशक्य झाल्यास समितीनं त्याच्या जवळच्या कामासाठी पैसे वापरावेत.' आम्ही सगळ्यांनाच सांगतो हे."

"अशक्य कशाला होईल?" मी म्हटलं. "पाय आखूड असलेली मुलं जन्माला यायची थांबणार आहेत का?"

"मुलं नाही हो. बूट कोण करणार?"

मामा म्हणाला, "करतील की. आजपर्यंत यात पैसा नव्हता म्हणून कोणी आलं नाही."

"तुमच्याकडे शिकतंय का कोणी?"

मामा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "मग असं करू या का? अर्धे पैसे शिकवण्यासाठी. एक माणूस तयार करायचा. तुम्ही आहात तोवर."

मी मामाकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला होता. तो विचार करत होता, मी शपथेवर सांगते, तो हो म्हणणार होता. त्याची बोटं टेबलावर मोजत होती, कोणाला बोलवावं, काय काय शिकवावं. आणि मी बोलले. "मामा, शिकवण्याच्या नावाखाली पैसे कुठे जातात ते मला विचार. प्रशिक्षण म्हणतील, चार खुर्च्या आणतील, फलक लावतील. तुझा बूट राहील बाजूला."

त्याची बोटं थांबली. "शाई म्हणते ते बरोबर," तो म्हणाला. "तिला कागद कळतात."

बाईंचं ते एक वाक्य मी दोन रेघांनी खोडलं. खाली मामानं सही केली, शेजारी मी. बाईंनी दोन्ही सह्या बघितल्या आणि कागद फायलीत लावला. जिना उतरताना मामा खुशीत होता. म्हणाला, "घट्ट झालाय दस्त. कुठूनही हवा जाणार नाही." मलाही अभिमान वाटला. मूर्ख बाई मी!

पुढची दोन वर्षं मामानं माझ्या घराच्या मागच्या खोलीत बसून फुकट बूट करून दिले. निधीला हात लावायची वेळच आली नाही. मग एका सकाळी तो रापीला धार लावत असताना बसल्या जागी गेला. फर्मे तीन पोत्यांत भरून मी माझ्या पलंगाखाली सरकवले.

पहिल्या वर्षी सात अर्ज आले. लोकनिधीनं जाहिरात दिली, कारागीर हवा. कोणी नाही. एका कारखान्यानं नमुना पाठवला, काळा बूट, एकाच तळाला विटेएवढी जाडी. संस्थेच्या वकिलानं अटी वाचल्या आणि म्हणाला, हातानं नाही, फर्म्यावर नाही, सारखे तर बिलकूल नाहीत. देता येत नाही. मी त्याच्याशी भांडायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, हे लिहिलंय कोणी?"

दुसऱ्या वर्षी अर्ज भरायला म्हणून एक ड्रायव्हर माझ्या घरी आला, मुलीला घेऊन. मुलगी नऊ वर्षांची, दोन वेण्या, भलती बडबडी. दारातून आत आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावा, सव्वा इंच." माझ्या आईचाच पाय, आईचंच माप. मी खुंटीवरची मामाची फूटपट्टी काढली, तिला उभं केलं, पायाखाली पुठ्ठे सरकवत कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत येईपर्यंत मोजलं. बरोबर सव्वा. ती विचारत होती, "माझे पण तसे होतील का, न कळणारे?" मी म्हटलं, "होतील." असं कोणाला बोलू नये.

त्या वर्षी मी न्यायालयात अर्ज केला. काम अशक्य झालंय, अट बदलून द्या. अर्ज मीच लिहिला, माझ्याच दस्ताच्या विरुद्ध, आणि लिहिताना कळत गेलं की मी किती चांगला दस्त लिहिला होता. जिथे शिरायला जावं तिथे मीच दार लावून ठेवलेलं. तारखा पडत गेल्या. मुलीचा पाय वाढत गेला.

चार वर्षांनी दात्याच्या अटींच्या बाजूनं उभ्या असलेल्या सरकारी वकिलानं कुठून तरी एक कारागीर शोधून काढला. एक दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात, वय अठ्ठ्याहत्तर. त्याला न्यायालयात उभं करून विचारलं, असे बूट तुम्ही करू शकता का? म्हातारा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हो. का नाही करू शकणार?" न्यायाधीशांनी निकाल दिला, काम अशक्य नाही. दात्याची इच्छा पाळता येते, तेव्हा पाळावी.

मी त्या म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला तेव्हा निम्मा बशीत सांडला. हात थरथर कापत होता, सुई धरायची तर गोष्टच सोडा. मी नुसतं त्याच्या हाताकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, नाहीच म्हणायचं होतं हो. पण सगळ्यांसमोर उभं राहून मला माझं काम येत नाही असं कसं सांगू?" मला त्याला बोल बोल बोलायचं होतं. पण मामानंही तेच उत्तर दिलं असतं. म्हाताऱ्यानं एक जोड करतो म्हणून मुलीचं माप ठेवून घेतलं आणि पहिला फर्मा तासायच्या आधीच गेला. मी पुन्हा अर्ज केला आहे. त्याच्या तारखा अजून पडतात.

मधल्या काळात एक वेडेपणा मी केला. पलंगाखालची पोती ओढली. आईचे लहानपणचे फर्मे काढले, ड्रायव्हरच्या मुलीच्या मापाला कातडं लावून वाढवले. लहानपणी जे बघितलं होतं ते सगळं आठवून आठवून केलं, दोन महिने, रोज कचेरीतून आल्यावर. बोटांची खरंच चाळण झाली. जोड तयार झाला तेव्हा दहा पावलं मोजून लांबून बघितला आणि माझी मीच रडले, इतके सारखे दिसत होते. मुलगी ते घालून खोलीत इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चौथ्या दिवशी तो बूट हातात घेऊन आला. आतून रक्त लागलेलं. टाचेला हे एवढं सोललेलं. दिसायला सारखे केले होते मी, पण आत पाय कसा बसतो, वजन कुठे पडतं, ते मामाच्या हातात होतं आणि ते हात मी पुरून आले होते. डॉक्टरनं ड्रायव्हरला झापलं.

शेवटी लोकनिधीच्या बाईंनीच तिला कारखान्याचा बूट मिळवून दिला. कुठल्या पैशातून? सामाईक. ज्यात मामानं टाकायला नको म्हटलं होतं, त्याच. समिती बसली, गरज बघितली आणि देऊन मोकळी झाली. पण सामाईक पैशाला मागणारे शंभर, त्यामुळे दोन वर्षांतून एक जोड. मुलीचा पाय सहा महिन्यांत वाढायचा. मग पुढचं दीड वर्ष बुटात रद्दी कागद कोंबून उंची सारखी करायची. शाळेत पोरांनी तिचं नाव 'वीट' ठेवलं. तिनंच मला सांगितलं, हसत हसत. दोन वेण्यांची एक वेणी झाली होती आणि बडबड कमी.

दर वर्षी ती अर्ज भरायला माझ्याकडे यायची. दर वर्षी मी फूटपट्टी काढायची, उभं करायची, माप घेऊन अर्जावर लिहायची. सव्वा. सव्वाच. मग दीडला जरा कमी. मग दीड. दर वर्षी अर्ज नामंजूर होऊन यायचा. आणि ती पंधरा वर्षांची झाली त्या दिवशी माझ्या दस्ताप्रमाणे तिचा अर्ज करायचा हक्कही संपला. तिचा वाढदिवस मला पाठ आहे.

बाई निवृत्त झाल्या. जाताना माझ्याकडे येऊन गेल्या. मी त्यांना म्हटलं, "तुमचं एक वाक्य मी खोडलं." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, तुम्ही काय वाईट हेतूनं केलंत का?" म्हणजे काय? हेतू पायात घालता येतो? हे मी मोठ्यानं म्हणाले नाही, पण मामाचाच आवाज कानात आला.

काल यंदाचं पत्र आलं. एरवी टपालानं येतं, यंदा माणूस घेऊन आला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. भर दुपारी जिन्यात पावलं वाजायला लागली, एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. मी दस्ताचं काम पुढ्यात घेऊन बसले होते. पहिल्या मजल्यावर पावलं होती तोवर नुसतं ऐकलं. दुसऱ्या मजल्यावर आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "डावा. पावणेदोन." आणि मग कळलं कोण आहे ते.

ड्रायव्हरची मुलगी दारात उभी होती. आता अठराची. गेल्या महिन्यात लोकनिधीच्या कचेरीत कामाला लागली म्हणाली, पत्रं पोचवायची, फायली लावायच्या. "तुमचं टपालात टाकत होते, मीच म्हटलं द्या, ओळखीचं घर आहे." धाप लागली होती. खुर्चीत बसली, कंबर एका बाजूला कललेली. जाडा बूट काढून तिनं पाय मोकळा केला, आतला रद्दीचा गोळा बाहेर आला, तो तिनं सवयीनं पुन्हा दाबून नीट केला.

मी पत्र उघडलं. तीच चार वाक्यं. या वेळी एक जास्तीचं होतं, यंदा या निधीसाठी एकही अर्ज आला नाही.

"लोकांना कळलंय मावशी," ती म्हणाली. "मी खिडकीवर असते ना. कोणी विचारायला आलं, मूल घेऊन, की मीच सांगते, हा नको, त्या सामाईकच्या खिडकीला जा. उगाच कशाला आशा लावायची?"

मामाला हवं होतं की या शहरात कोणा पोरीला लंगडी म्हणून हाक मारता येऊ नये. आणि त्याच्या निधीच्या खिडकीवर हीच पोर बसून बाकीच्या मुलांना परत पाठवते, त्यांच्या भल्यासाठी. आणि ती बरोबरच करते.

मी उठले. का उठले ते मला माहीत नाही, इतक्या वर्षांची सवय. खुंटीवरून फूटपट्टी काढली आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. म्हटलं, "उभी राहा बरं, पोरी."

तिनं पाय मागे घेतला. रागानं नाही, हळूच, जसं लहान मुलाच्या हातातून काही काढून घेतात तसं.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "आता मोजून काय करायचंय?"

मग तिनं बूट चढवला, नाडी बांधली आणि पिशवीतून पोचपावतीचं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. मी सही केली.